ते वाक्य नाटकात होतं का?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. जिला वाटतं की माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक आहे, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि मध्येच "जाऊ दे गं, जुनं झालं आता" म्हणत चहा टाकायला उठणार नाही. जुनं झालेलं नाही. झालं असतं तर परवाच्या बैठकीत मी पुन्हा तोच शब्द बोलले असते का? पण थांबा. असं शेवटाकडून सांगितलं तर तुम्हाला काही उमगायचं नाही. आणि मलाही धीर गोळा करायला थोडा वेळ लागेल.

मी मूळची नेकनूरची. बीड जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवते — जिथं शिकले, तिथंच चिकटले. कॉलेजचं नाव सांगत नाही. सरांचंही सांगणार नाही. भित्रेपणा म्हणा, माझी ना नाही. बी. ए.ला असताना मी त्या कॉलेजच्या नाटकात प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टर म्हणजे तुम्हाला कधीच न दिसणारं माणूस. रंगमंचाच्या कडेला, विंगेत, संहिता मांडीवर घेऊन बसायचं आणि कुणी अडलं की पुढचं वाक्य हळूच सांगायचं. नटाला ऐकू गेलं पाहिजे, पहिल्या रांगेला नाही. मला ते छान जमायचं. उजेडात उभी राहिले की माझे पाय लटपटत, पण विंगेत — अहो, विंगेत मी राणी! अख्खं नाटक मला पाठ होतं. कुणाचं काय वाक्य, कुणाचा श्वास कुठं संपतो, सगळं. सर म्हणायचे, "ही पोरगी आहे म्हणून माझं नाटक उभं आहे." ते ऐकून मी घरी जाईपर्यंत जमिनीवर नसायची.

नाटक सरांनीच लिहिलेलं, सरांनीच बसवलेलं, आणि त्यातल्या प्राध्यापकाचं कामही सरच करायचे. गोष्ट सांगते. एक सज्जन प्राध्यापक. एक विद्यार्थिनी — अभ्यासात कच्ची, बोलण्यात पक्की. ती त्यांच्यावर आळ घेते. गाव पेटतं, प्राध्यापकाची बायको माहेरी जाते, आणि शेवटच्या प्रवेशात ती मुलगी कोसळून म्हणते, "मी खोटं बोलले. मार्कांसाठी." मग प्राध्यापक तिला माफ करतात. टाळ्या. दरवेळी टाळ्या! बायका तर डोळे पुसत बाहेर यायच्या.

तेव्हा मला ते नाटक फार थोर वाटायचं. आता इतकी वर्षं विंगेत बसून त्याची शिवण न् शिवण मला दिसते. पडदा उघडतो तेव्हाच निकाल लागलेला असतो हो. प्राध्यापकांच्या तोंडावर पिवळा उजेड, हातात पुस्तक, मागे बासरी. मुलगी येते ती कडेनं, अर्ध्या अंधारात, पैंजण वाजवत. दुसऱ्या प्रवेशात ती एकटी असताना सर तिला हसायला लावत — एवढंसंच. त्या हसण्यानं प्रेक्षकांचं मन तिच्यावरून उठायचं. पुढं तिनं कितीही रडून सांगितलं तरी कोण ऐकतंय? आणि मी नंतर स्पर्धांमधून अशी किती नाटकं पाहिली! त्यातली मुलगी एक तर खोटी असते, नाहीतर खरी असते आणि शेवटी मरते. खरी आहे, जिवंत आहे आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वर्गात येऊन बसली आहे — अशी मुलगी मी अजून रंगमंचावर पाहिलेली नाही. तिचं काय करायचं ते आम्हा नाटकवाल्यांना कळत नाही.

अशी एक होती मात्र. अनुसया.

नांदूरघाटच्या पुढं डोंगरात वस्ती, बाप मेंढरं राखायचा. हॉस्टेलवर राहायची. तिचा आवाज — काय सांगू! या टेकडीवरून त्या टेकडीवरची मेंढरं वळवायचा तो आवाज होता. हॉलमध्ये ती नुसती "येऊ का?" म्हणाली तरी पत्रे वाजायचे. तिला काम होतं गर्दीतलं, वाक्य एकही नाही, पण तालमीला रोज हजर. आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं. सरांचंही. मी जळायचे का? जळायचे. आता लपवण्यासारखं काय राहिलंय? ज्या सरांनी माझ्याविना नाटक उभं नाही असं म्हणायचं, ते आता म्हणायला लागले होते, "या पोरीच्या गळ्यात सोनं आहे."

हॉलच्या मागं कपडेपटाची खोली होती. जुने शालू, मिशा, लाकडी तलवारी. दाराला लोखंडी कडी, इतकी गंजलेली की लावताना किंचाळायची. एका दुपारी सरांनी मला सांगितलं, "अनुसयाला पाठव, गर्दीतल्या मुलींच्या कपड्यांची मापं घ्यायचीत. आणि तू बाहेर बसून तिसरा प्रवेश पाठ कर, कुणाला आत सोडू नकोस." मी गेले, तिला म्हणाले, "सर बोलावतायत." ती उड्या मारत आली. मी दाराबाहेर स्टुलावर बसले. उन्हाळ्याचे दिवस, वीज गेलेली, बाहेर चिटपाखरू नाही. कडी किंचाळली. मापं घ्यायला कडी कशाला — हा प्रश्न मला पडला. पडला आणि मी पान उलटलं.

मग बराच वेळ काही नाही. मी तिसरा प्रवेश ओठांतल्या ओठांत म्हणत राहिले. दार उघडलं तेव्हा अनुसया माझ्याकडं न बघता समोरून गेली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. मी ती नंतर आतून आणून हॉलच्या पायरीवर ठेवली, जणू मी फार मोठं काम केलं.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. ही तर नुसती पायरी झाली.

पुढच्याच आठवड्यात संस्थेचे अण्णा तालीम बघायला आले. अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे, आणि आमच्या नाटकाला गाडी, जेवण, संभाजीनगरच्या स्पर्धेचा खर्च, सगळं तेच देणार होते. सोबत प्राचार्य. आणि नेमकी आमची नायिका, वैशाली, मामाच्या पोरीच्या हळदीला माजलगावला गेलेली. आता अध्यक्षांपुढं तालीम तर व्हायला हवी. आमच्यात अशा वेळी प्रॉक्सी देतात — म्हणजे गैरहजर नटाच्या जागी दुसऱ्या कुणीतरी उभं राहायचं, त्याची वाक्यं म्हणायची. अभिनय करायचा नसतो, नुसती जागा धरायची. मागून कुणीतरी ओरडलं, "अनूला उभी करा, तिला समदं पाठ हाय!" सर म्हणाले, "नको." अण्णा म्हणाले, "का नको? होऊ द्या की."

ती उभी राहिली. वाक्यं आपल्या बोलीत म्हणत होती, "आहे"ला "हाय", "नाही"ला "न्हाई". अण्णा हसत होते, मजेत होते. मग शेवटचा प्रवेश आला, मुलगी सगळ्यांपुढं पुन्हा आरोप करते आणि मग कोसळते तो. संहितेत मुलीचं वाक्य होतं, "सर, तुम्ही माझ्याशी नीट वागला नाहीत." एवढंच. अनुसया ते म्हणालीच नाही. ती गप्प उभी राहिली, इतका वेळ की मी सांगायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात ती बोलली. मोठ्यानं नाही — त्या पोरीला हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं.

"सर, तुमी कडी लावली. म्या म्हणलं, उघडा. तुमी म्हणले, लाजायचं न्हाई, ही तालीमच हाय."

हॉलमध्ये पारवे घुमत होते तेही थांबल्यासारखे वाटले. सरांच्या तोंडावरचा रंग उडाला. प्राचार्य छताकडं बघायला लागले. अण्णांनी खुर्चीत सरकून विचारलं, "का हो सर, हे नाटकात आहे?"

 सरांनी माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. बरोबरच आहे — संहिता माझ्या मांडीवर होती. नाटकात काय आहे आणि काय नाही, हे सांगणारं त्या हॉलमध्ये एकच माणूस होतं. अनुसयानंही बघितलं. तिला खात्री होती हो! तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, ती वाट बघत होती. मी त्या दुपारी दाराबाहेर होते हे तिला माहीत होतं. म्हणून तर तिनं तो प्रवेश निवडला. साक्षीदार समोर बसलाय म्हणून ती बोलली.

आणि मी म्हणाले, "आहे."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. "वा! काय लिहिलंय सर! अंगावर काटा आला." प्राचार्यांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. टाळ्यांमध्ये ती उभी होती.

का म्हणाले? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की प्रश्नच गुळगुळीत झालाय. सरांची भीती होती. अण्णांची होती. पण खरं सांगू? त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं — नाटक बंद पडेल. स्पर्धा जाईल, गाडी जाईल, रंगमंदिराच्या खऱ्याखुऱ्या विंगेत बसायचं राहील. प्रॉम्प्टरचं काम काय? काही झालं तरी नाटक थांबू द्यायचं नाही. मी माझं काम केलं. यात सबब शोधू नका, मी सांगतेय ते किती क्षुल्लक आहे तेवढं बघा.

त्यानंतर ते वाक्य नाटकात असायलाच हवं होतं, नाही का? वैशाली परत आली तेव्हा सर मला म्हणाले, "ते वाक्य जरा नीट करून तिला दे." त्यांनी नजर वर केली नाही, मीही नाही. मी नीट केलं. "तुम्ही दार लावून घेतलंत, सर. कडीचा आवाज अजून माझ्या कानात आहे." किती सुरेख, बघा! "म्या म्हणलं, उघडा" हे मी काढून टाकलं. कानाला बरं वाटत नव्हतं. आणि वैशाली ते वाक्य म्हणायची आणि मग त्याच प्रवेशाच्या शेवटी कोसळून म्हणायची — मी खोटं बोलले, मार्कांसाठी. बक्षीस मिळालं आम्हाला. परीक्षक म्हणाले, कडीचं वाक्य काळजाला भिडलं.

स्पर्धेनंतर अनुसयाचा बाप तिला घेऊन प्राचार्यांकडं आला. चौकशी बसली. तिनं सगळं सांगितलं, कडीपासून. आणि तिथल्या एकानं हसून म्हटलं म्हणे, "पोरी, हे तर नाटकातलं आहे. सगळ्या जिल्ह्यानं ऐकलंय." दुसऱ्यानं म्हटलं, "आणि पुढचं? पुढचं तर तू स्वतःच अण्णांसमोर म्हणालीस." बापानं तिला तिथूनच गावाकडं नेलं. मला कुणी चौकशीला बोलावलंही नाही. गरजच पडली नाही माझी.

"पुढचं" म्हणजे काय, ते मी अजून तुम्हाला सांगितलेलं नाही. सांगते. आधी दुसरं सांगून घेते, कारण तेही मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्यावर तुमचा विश्वास बसला नाही तरी माझी तक्रार नाही.

शिक्षण संपलं, मी तिथंच लागले. सर निवृत्त झाले, तरी दर गॅदरिंगला ते नाटक करायची कॉलेजात रीतच पडली. प्राध्यापकाचं काम आता वरच्या वर्गातला कुणी मुलगा करतो, मुली दरवर्षी नव्या, आणि विंगेत मी. पहिल्याच वर्षीची गोष्ट. प्रयोग संपला, मुलगी तोंडाचा रंग पुसत माझ्याकडं आली. "मॅडम, शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा का सांगितलंत? गोंधळ झाला माझा." मी म्हटलं, "एकदाच सांगितलं." ती म्हणाली, "नाही हो. आधी 'मी खोटं बोलले', आणि लगेच दुसरं काहीतरी, गावाकडच्यासारखं. 'म्या म्हणलं, उघडा.' ते कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच पानावर नाही. मीच तर गाळलं होतं ते.

मी तिला झापलं, घाबरल्यानं भास होतात म्हणून सांगितलं. पण पुढच्या मुलीनं विचारलं. मग आणखी एकीनं, ती तर लातूरकडून नवीच आलेली. या मुली एकमेकींना ओळखत नाहीत हो! कुणी ते वाक्य छापलेलं नाही, कुणी त्यांना सांगितलेलं नाही. त्या शेवटच्या प्रवेशात त्या अडतात, दरवर्षी, नेमक्या तिथंच, आणि मान वळवून विंगेत बघतात. माझ्याकडं नाही. माझ्या थोडं मागं. मी एकदा धीर करून मागं वळले होते. मागं कपडेपटाची खोली आहे, आता तिथं मोडकी बाकं ठेवतात. दार बंद होतं. मला स्वतःला कधी काहीच ऐकू आलं नाही. ज्यांचं पाप नाही त्यांना ऐकू येतं आणि मला येत नाही, हा काय प्रकार आहे?

मला वाटायचं, अनुसया मेली असणार. तसं वाटणंही मला सोयीचं होतं की काय, देव जाणे. तर एका रविवारी नेकनूरच्या बाजारात, शेळ्या-मेंढरांच्या बाजूला, समोर उभी! अंगानं भरलेली, कपाळाला मोठं कुंकू, हातात दोन करडांच्या दोऱ्या. तिनंच मला ओळखलं. हसली. आणि बोलली तेव्हा मला आधी कळेचना, कारण आवाजच नव्हता. नुसती कुजबूज. नरड्यातून वारा यावा तशी.

"घसा गेला माझा," ती म्हणाली. "त्याच साली. लई दवाखाने केले. न्हाई आला परत." मग मेंढरं कशी वळवतेस, असं मूर्खासारखं विचारलं मी. "शीळ घालते," ती म्हणाली.

मी तिथं, त्या गर्दीत, तिचे पाय धरायला हवे होते. मी करडांचा भाव विचारला. जाताना ती म्हणाली, "नाटक करतीस का आजून? विंगीत बसतीस?" मी मान हलवली. "मंग सांगत जा पोरींना," ती म्हणाली. एवढंच. रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता परवाचं. तक्रारींसाठी कॉलेजात समिती असते, तिच्यात मी आहे — बाईमाणूस हवं म्हणून, आणि मी कुणाच्या अध्यातमध्यात नसते म्हणून. स्नेहल नावाची मुलगी आली. दिंद्रुडची, हुशार, बोलकी. दुसऱ्या एका विभागातल्या सरांविरुद्ध तक्रार. यंदाच्या नाटकातली नायिका ती. मीच तिच्याकडून पाठ करून घेतलेलं सगळं. खुर्चीच्या टोकावर बसली होती. बराच वेळ शब्द जुळेनात तिचे. शेवटी म्हणाली, "सरांनी दार लावून घेतलं. कडीचा आवाज अजून माझ्या कानात आहे."

समितीतले एक सर खुदकन हसले. "अगं, हे तर आपल्या नाटकातलं!" आणि माझ्याकडं वळले. "काय मॅडम, नाटकातलंच आहे ना हे?"

 मला दिसत होतं काय झालंय ते. त्या पोरीवर गुदरलेलं सांगायला तिच्याकडं दुसरे शब्द नव्हते. कुणाकडंच नव्हते आमच्या कॉलेजात. या गोष्टीसाठी आम्ही पोरींना एकच वाक्य शिकवलं होतं, आणि तेही एका खोटारड्या मुलीच्या तोंडी घालून. खरं बोलायला गेली तरी खोटीच दिसणार ती. हे सगळं मला कळत होतं, आणि सगळे माझ्याकडं बघत होते, आणि स्नेहलही बघत होती — तशीच, वाट बघत, बिनधास्त.

मी म्हणाले, "आहे."

यावेळी ते खोटंही नव्हतं. आहे की नाटकात! मीच घातलंय ना?

आणि आता "पुढचं" सांगते. दोन्ही वेळचं एकदमच सांगते, कारण दोन्ही एकच आहे.

त्या दिवशी अण्णांपुढं टाळ्या थांबल्या, तरी अनुसया हलली नव्हती. नाटक अडलं होतं. सर घामाघूम. आणि मी — कुणी सांगितलं नसताना, कुणी डोळ्यानंही खुणावलं नसताना — विंगेतून तिला पुढचं वाक्य सांगितलं. "मी खोटं बोलले." ती माझ्याकडं बघत राहिली. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा सांगितलं. आणि पुन्हा, जरा दटावून. मग ती म्हणाली. माझ्यामागून, शब्दाला शब्द, लहान पोर पाढे म्हणतं तसं. "मी खोटं बोलले. मार्कांसाठी." त्या पोरीनं आयुष्यात एक वाक्य शुद्ध भाषेत म्हटलं, ते हे, आणि ते मी तिच्या तोंडात घातलं.

परवा स्नेहल गप्प बसली. खोली अडली. आणि माझे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. शपथेवर सांगते, मी ठरवून केलं नाही — आणि त्यानं काही फरक पडत नाही हेही मला माहीत आहे. माझ्या ओठांकडं बघून पुढचं उचलायची सवय मीच तिला लावलेली. तिनं उचललं. "मी खोटं बोलले," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. समितीतल्या सरांनी हुश्श केलं.

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. तोंड पांढरं पडलेलं.

"मॅडम, तुमी दोनदा का म्हून सांगितलं?"

बाकीच्यांना काही कळलं नाही. त्यांनी चहा मागवला. स्नेहल तेव्हापासून कॉलेजला आलेली नाही. तिच्या घरचा फोन मी लावला, उचलल्यावर मात्र ठेवून दिला. आमचे ते नाटकाचे सर अजून आहेत. रस्त्यात भेटले की माझ्या डोक्यावर हात ठेवतात आणि मी वाकून नमस्कार करते. गेल्या रविवारीही केला.

आणि आता मलाही ऐकू येतं. विंगेतच असं नाही, कुठंही. फळ्याकडं पाठ केली की. भाकरी थापताना. त्याच घोगऱ्या कुजबुजीत नाही — जुन्या आवाजात, या टेकडीवरून त्या टेकडीपर्यंत जाणाऱ्या.

मी काही मागत नाहीये. सल्ला देऊ नका, समजूत घालू नका. फक्त अण्णांनी विचारलं होतं, आणि परवा पुन्हा विचारलं गेलं, त्याचं उत्तर कुठंतरी एकदा बोलून ठेवायला हवं होतं.

नाही. ते वाक्य नाटकात नव्हतं. "उघडा" हे मी तालमीत पहिल्यांदा ऐकलं नाही. ते त्या दुपारी दाराआडून आलं होतं, कडीच्या पाठोपाठ, पुन्हा पुन्हा, आणि दाराबाहेर स्टुलावर मी होते.

मी पान उलटलं होतं.